माठाचे शास्त्र आणि शेतावरचा शीतकक्ष

उन्हाळ्यात शेतातून घरी आल्यावर आपण पहिल्यांदा माठाकडे वळतो. बाहेर पारा ४० अंशांवर असतो, पितळेच्या हंड्यातले पाणी कोमट झालेले असते आणि शेजारीच ठेवलेल्या माठातले पाणी मात्र गार लागते. विहीर एकच, घर एकच, सावलीही एकच. मग हा फरक कोठून आला? "माती मुळात थंड असते" असे उत्तर बहुतेक जण देतात. ते बरोबर नाही. ज्यांनी हौसेने माठाला बाहेरून तैलरंग दिला त्यांना माहीत आहे की, माती तीच असूनही त्या माठातले पाणी पूर्वीसारखे गार होत नाही.

हे कोडे सोडविण्यात आपला फायदा आहे. माठाच्याच तत्त्वावर विटा आणि वाळू यांचा शीतकक्ष शेतावर बांधता येतो. त्याला वीज लागत नाही, तेल लागत नाही. तो नीट चालला तर बाजारात भाव पडलेल्या दिवशी मेथीची जुडी मिळेल त्या पैशाला देऊन मोकळे होण्याची पाळी येत नाही. माल परत आणून एक-दोन दिवस थांबता येते. भाजीपाला पिकविणाऱ्याच्या दृष्टीने या एक-दोन दिवसांची किंमत काय असते हे आपणास सांगावयास नको.

अशा कक्षात कुंभाराचे कसब, निसर्गाचा नियम, बांधणीची अक्कल आणि गावातच मिळणारे साहित्य या चारही गोष्टी एकत्र आलेल्या असतात. त्यांतली एक जरी निसटली तरी कक्ष म्हणजे ओल्या विटांचा नुसता ढीग होतो. असे ढीग आम्ही पाहिले आहेत. त्यांतला एक आमच्याच हातचा होता; त्याची हकीकत पुढे दिली आहे.

कुंभाराचे कसब

चांगला माठ आणि पाणी गळणारे मडके यांत फार थोडे अंतर असते. कुंभार हे अंतर हाताच्या अंदाजाने सांभाळतो. तो गाळाची चिकण माती भिजवून, तुडवून तयार करतो आणि तिच्यात घोड्याची लीद, बारीक भुसा किंवा राख मिसळतो. हे कशासाठी, असे विचारल्यास "भांडे तडकू नये म्हणून" असे उत्तर मिळते, आणि ते खरेच आहे. परंतु त्यातून दुसरेही एक काम साधते. भट्टीत भांडे भाजताना लीद व भुसा जळून जातो आणि त्याच्या जागी डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म छिद्रे राहतात. या छिद्रांतून पाणी हळूहळू बाहेरच्या अंगाला येते.

चाकावर घडविलेले भांडे जाड असते. ते थोडे सुकल्यावर आतून गुळगुळीत गोळा धरून बाहेरून लाकडी थापीने ठोकतात. त्यामुळे भिंत पातळ व सारख्या जाडीची होते, तसेच पोट फुगून बाहेरचा पृष्ठभाग वाढतो. शेवटी भाजणी. भाजणी कमी पडली तर भांडे पाण्यात विरघळू लागते. जास्त झाली तर माती वितळू लागून छिद्रे बुजतात आणि भांडे टणक, खणखणीत, पण पाणी गार करण्यास निरुपयोगी होते. चिनी मातीची बरणी पाणी गार करीत नाही याचे कारण हेच. काळ्या माठात पाणी अधिक गार होते अशी समजूत आहे. भाजताना भट्टी झाकून आत धूर कोंडला की माठ काळा होतो. गारव्याचा संबंध रंगाशी नसून छिद्रांशी आहे.

माठ जुना झाला की "मरतो" असे आपण म्हणतो. विहिरीच्या जड पाण्यातील क्षार छिद्रांत साचतात व ती बंद होतात. विटांच्या कक्षालाही हाच रोग होतो, म्हणून ही गोष्ट लक्षात ठेवावी.

पाणी उडून जाताना काय घेऊन जाते

बाहेरच्या अंगाला आलेल्या पाण्याची वाफ होते. वाफ होण्यास उष्णता लागते आणि ती उष्णता पाणी माठातून व आतील पाण्यातून ओढून घेते. ही उष्णता किती? एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेते. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी घेतो. म्हणजे एक लिटर पाण्याचे बाष्पीभवन हे सुमारे सात किलो बर्फ वितळण्याच्या बरोबरीचे झाले. बर्फ विकत आणावा लागतो. हे काम कोरडी हवा फुकट करते.

मात्र हवा कोरडी असली तरच. हवेत आधीच बाष्प भरलेले असेल तर पाणी उडत नाही, माठाला बाहेरून नुसता घाम येतो आणि पाणी कोमट राहते. म्हणून हवेचा उष्मा आणि हवेचा कोरडेपणा या दोन गोष्टी वेगळ्या समजाव्यात. ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असलेल्या दुपारी बाष्पीभवनाने जास्तीत जास्त २२-२३ अंशांपर्यंत उतरता येते. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात अशा दुपारी नेहमीच्या आहेत. याउलट ३२ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर मर्यादा सुमारे २९ अंशांवरच येऊन थांबते. कोकणपट्टीतील व गोव्यातील शेतकऱ्यांनी शीतकक्षापासून फार अपेक्षा ठेवू नये असे आम्ही म्हणतो ते याच कारणाने. जेथे ऊन जास्त त्रास देते तेथेच हे तंत्र जास्त उपयोगी पडते.

माठ उलटा केला की कक्ष होतो

माठात पाणी आत असते आणि गारवाही आतच हवा असतो. भाजी ठेवावयाची तर पाणी आत चालणार नाही, कारण भाजी सडेल. म्हणून पाणी भिंतीत ठेवावयाचे आणि आतली जागा मोकळी सोडावयाची. एवढी एक कल्पना सुचली की बाकीचे सोपे आहे, आणि ती निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या लोकांना सुचली.

नवी दिल्ली येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेत एस. के. रॉय व डी. एस. खुर्डिया या शास्त्रज्ञांनी १९८० नंतरच्या वर्षांत विटांच्या दुहेरी भिंती व मध्ये ओली वाळू अशी रचना तयार केली. तिलाच आपण शून्य ऊर्जा शीतकक्ष म्हणतो. उत्तर नायजेरियात मोहम्मद बाह अब्बा या शिक्षकाने १९९५ पासून एका मोठ्या मडक्यात दुसरे लहान मडके बसवून, मधल्या फटीत ओली वाळू भरून, वर ओले फडके टाकण्याची रीत खेड्यांत पसरविली. त्यांचे घराणे मडकी घडविणारे होते. त्या कामासाठी त्यांना २००० साली रोलेक्स पुरस्कार मिळाला. गुजरातेत वांकानेर येथील मनसुखभाई प्रजापती हेही कुंभार घराण्यातलेच. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर फुटलेल्या माठांचे एक छायाचित्र वृत्तपत्रात आले आणि त्याखाली गरिबाचा फ्रीज फुटला अशा अर्थाचा मजकूर होता. त्यावरून त्यांना मातीचे कपाट सुचले. वर पाणी, खाली भाजी-दुधाचे कप्पे अशी रचना जमविण्यास त्यांना काही वर्षे लागली आणि २००५ साली 'मिट्टीकूल' बाजारात आले.

तिघांचेही तत्त्व एकच, पण गरज वेगळी म्हणून आकार वेगळे. घरापुरती भाजी असेल तर दोन मडक्यांची रीत पुरेशी आहे. चार-पाच जणांच्या कुटुंबाला कपाट सोयीचे. परंतु चार-सहा क्रेट माल रोज निघणाऱ्या शेतकऱ्याला विटांचाच कक्ष हवा.

बांधण्यापूर्वी दोन तापमापक

विटा आणण्याआधी एक साधा प्रयोग करावा. बाजारातून दोन साधे तापमापक आणावेत. डॉक्टरी तापमापक चालणार नाही. दोन्ही झाडाखाली, वारा लागेल असे शेजारी-शेजारी टांगावेत. एकाच्या फुग्याभोवती स्वच्छ मलमलीची चिंधी गुंडाळून तिचे टोक पाण्याच्या वाटीत सोडावे. दुपारी तीनच्या सुमारास पुठ्ठ्याने पाच मिनिटे वारा घालून दोन्हींचे आकडे लिहून घ्यावेत. आठवडाभर रोज हे करावे.

कोरड्या तापमापकाचा आकडा म्हणजे हवेचे तापमान. ओल्याचा आकडा म्हणजे तुमच्या शेतावर बाष्पीभवनाने गाठता येणारी शेवटची पायरी. कक्ष त्या पायरीच्या खाली कधीच जाणार नाही. प्रत्यक्षात काही अंश वरच राहील. दोन आकड्यांत १२-१५ अंशांचा फरक पडत असेल तर निर्धास्तपणे बांधावा. फरक चार-पाच अंशांचाच असेल तर विटांचा खर्च करण्यापेक्षा सावलीची पत्र्याविना झोपडी, ओले गोणपाट आणि पहाटेची तोडणी यांवर भर द्यावा.

आपल्या मुलांना हा प्रयोग करावयास सांगावा. शाळेत आर्द्रतेचा धडा असतोच. घरच्या चिंधीवर तो चांगला पटतो.

कक्षाची बांधणी

जागा निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात : वारा, सावली आणि पाण्याचा निचरा. घराच्या मागे, कोंदट बोळात कक्ष बांधण्याची चूक फार जण करतात. भिंतीलगतची हवा बाष्पाने भरली की तिला हटवून कोरडी हवा आणण्याचे काम वाऱ्याचे आहे. वारा नसेल तर कक्ष गुदमरतो. जागा थोडी उंचावर असावी, म्हणजे भोवती चिखल होणार नाही.

नेहमीचे माप असे आहे : १६५ सें.मी. लांब व ११५ सें.मी. रुंद असा विटांचा ओटा करावा. त्यावर कडेने दुहेरी भिंत ६७.५ सें.मी. उंचीपर्यंत रचावी आणि दोन भिंतींमध्ये ७.५ सें.मी. फट ठेवावी. साडेसात सें.मी. जाडीची वीट असेल तर नऊ थर होतात. एवढ्या कामाला सुमारे ४०० विटा आणि सुमारे ८ घनफूट वाळू लागते. आत अंदाजे १०० किलो माल मावतो. मात्र आपल्याकडे भट्टीगणिक विटेचे माप बदलते, म्हणून पहिला थर लावण्यापूर्वी आपले क्रेट ओट्यावर ठेवून भोवती बोटभर मोकळी जागा सोडावी आणि मगच आतल्या भिंतीची रेघ आखावी. क्रेट आत शिरत नाही असे नवव्या थराला कळून उपयोग नाही.

वीट पक्की भाजलेली, न फुटलेली, परंतु पाणी पिणारी असावी. पारख सोपी आहे. विटेवर पेलाभर पाणी ओतावे. पाणी चटकन शोषले गेले तर वीट चालेल. ओघळून गेले तर ती खंगर आहे, ती ओट्याच्या खालच्या थरात टाकावी. कच्ची वीट मात्र कोठेच वापरू नये. सतत ओलाव्यात तिचा चिखल होतो. वाळूत माती किंवा काडीकचरा नसावा. नदीची वाळू आज सहज मिळत नाही. क्रशरची वाळू घ्यावी लागली तर ती दोन-तीन वेळा धुऊन तिच्यातली भुकटी काढून टाकावी, नाहीतर फटीत तिचा गच्च थर बसतो आणि पाणी खालपर्यंत उतरत नाही.

झाकणासाठी बांबूच्या कामट्यांची चौकट करून तिच्यावर वाळा, गवत किंवा पेंढा बांधावा. वाळा महाग पडतो, पण त्याला चांगला वास येतो व तो लवकर कुजत नाही. कक्षावर माणूस उभा राहील एवढ्या उंचीचे छप्पर घालावे. छप्पर गवताचे किंवा पाचटाचे असावे. तापलेला पत्रा खालच्या विटांनाही तापवितो. छपराविना कक्ष म्हणजे एका बाजूने गार करावयाचे आणि दुसऱ्या बाजूने तापवावयाचे.

आमची चूक

प्रात्यक्षिकासाठी आम्ही बांधलेल्या पहिल्या कक्षाला देखणेपणासाठी सिमेंटचे दर्जे भरले आणि बाहेरून गिलावाही केला. पाहावयास आलेल्या शेतकऱ्यांनी कौतुक केले. आठ दिवसांनी आत हात घातला तर आतली हवा बाहेरच्यापेक्षा जेमतेम तीन अंशांनी कमी. वाळू ओलीचिंब होती, पाणी भरपूर घातले होते, पण ते बाहेर यावयास वाट कोठे होती? आम्ही माठाला तैलरंगच दिला होता. गावातल्या एका वृद्ध कुंभाराने भिंतीवर हात फिरवून एवढेच विचारले, "साहेब, याचं तोंड का लिंपलं?" गिलावा फोडून, विटा उतरवून, दर्जे न भरता त्याच विटा पुन्हा रचल्या तेव्हा कक्ष चालू लागला.

तेव्हापासून आम्ही सांगतो की, विटा कोरड्या रचाव्यात, सांधे एकाआड एक यावेत आणि भिंत डळमळत असेल तर फार तर कोपऱ्यांपुरता मातीचा लेप द्यावा. कोरड्या रचणीचा आणखी एक फायदा असा की, विटा बदलता येतात आणि संपूर्ण कक्ष दुसऱ्या जागी हलविता येतो.

काय ठेवावे, काय ठेवू नये

तोडलेली भाजी जिवंत असते. ती श्वास घेते आणि तिच्यातले पाणी उडत राहते. तापमान दहा अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग दुप्पट-तिप्पट होतो. पालेभाजीचे वजन पाच टक्क्यांच्या आसपास घटले तरी ती मलूल दिसते आणि गिऱ्हाईक पुढे जाते. कक्षात दोन्ही गोष्टींना आळा बसतो, कारण तेथे गारवा असतो आणि आर्द्रता ९० टक्क्यांच्या जवळपास राहते. भर उन्हाळ्यात कोरड्या भागात आतील तापमान बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंशांनी कमी राहू शकते. त्यामुळे मेथी, पालक, कोथिंबीर, भेंडी, वांगी, टोमॅटो, कारली, लिंबू, पेरू, चिकू, तसेच फुले यांना हा कक्ष मानवतो. टोमॅटोसारखा माल उघड्यावर राहतो त्याच्या साधारण दुप्पट दिवस टिकतो. पालेभाजीला मिळणारे दिवस मोजके असतात, पण शेतावरून आज न गेलेली गाडी उद्या सकाळी नेण्यास ते पुरतात.

शीतगृहाशी याची तुलना करू नये. शीतगृहातील दोन-चार अंशांचे तापमान येथे कधीच मिळणार नाही. एका दृष्टीने ते बरेही आहे, कारण केळी, आंबा, टोमॅटो यांना फार थंडी बाधते व साल काळी पडते. कक्षात तसा धोका नाही.

कांदा-लसूण मात्र चुकूनही आत ठेवू नये. त्यांना कोरडी, खेळती हवा लागते, म्हणून कांदाचाळ वेगळी आणि शीतकक्ष वेगळा. धान्य व बियाणे यांचेही तसेच. ओलाव्याने बियाण्याची उगवण जाते. पिकू लागलेली फळे आणि पालेभाजी एकाच वेळी ठेवू नयेत. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या वायूने पाने पिवळी पडतात.

माल पहाटे तोडावा. दुपारी तोडलेला माल सोबत शेतातली उष्णता घेऊन येतो आणि ती काढण्यातच कक्षाचा निम्मा दिवस जातो. दुपारी तोडणे भागच असेल तर माल तासभर सावलीत पसरून मग आत ठेवावा. ठेवताना छिद्रांचे प्लॅस्टिक क्रेट वापरावेत. बांबूच्या पाट्या, लाकडी खोकी किंवा पुठ्ठ्याचे डबे ओलाव्याने बुरसतात आणि तीच बुरशी मालाला लागते.

रोजचे काम

पहिल्या दिवशी विटा, वाळू आणि झाकण पूर्ण भिजेपर्यंत पाणी द्यावे. पुढे सकाळ-संध्याकाळ दोन वेळा पाणी शिंपावे. या मापाच्या कक्षाला दिवसाला साधारण २५ ते ५० लिटर पाणी लागते. कोरड्या वाऱ्याच्या दिवशी जास्त, ढगाळ दिवशी कमी. फटीवरून ठिबकची जुनी नळी फिरवून ती उंचावरच्या पिंपाला जोडली तर हे काम आपोआप होते आणि पाणीही कमी वाया जाते. टंचाईच्या गावात भांडी-भाजी धुतलेले, साबण नसलेले पाणी चालते, परंतु ते फक्त वाळूत सोडावे. मालावर पाण्याचा थेंब पडता कामा नये. थेंब पडला त्या जागी सड सुरू होते. झाकण भिजविताना ते बाजूला उचलून घ्यावे आणि निथळल्यावर परत ठेवावे.

आत हात घालण्यापूर्वी नीट पाहावे. गार, ओलसर, अंधारी जागा बेडकाला आवडते आणि बेडकामागे साप येतो. झाकण काठीने सरकविण्याची सवय घरातल्या सर्वांना लावावी.

दोन-तीन महिन्यांनी विटांवर क्षारांची पांढरी पुटे दिसू लागतील. ती तारेच्या ब्रशने कोरडी घासून काढावीत. पाणी फार जड असेल तर दोन उन्हाळ्यांनंतर विटा बदलाव्या लागतात. जुन्या विटा बांधाला किंवा गोठ्याच्या फरशीला उपयोगी पडतात. कक्ष रिकामा असेल तेव्हा आतून धुऊन, झाकण काढून, दोन दिवस पूर्ण वाळू द्यावा.

पावसाळ्यात दोन्ही तापमापकांचे आकडे जवळ येतात आणि कक्षाचे काम थांबते. त्या वेळी झाकण उतरवून माळ्यावर टाकावे आणि वरची वाळू ताडपत्रीने झाकावी. ऑक्टोबरची उष्मा सुरू झाली की चिंधी पुन्हा ओली करून आकडे घ्यावेत. फरक आठ अंशांवर गेला की कक्षाला पाणी सुरू करावे.